कचऱ्याचे पैसे ‘आम्ही का द्यायचे?’

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

विषय कचऱ्याचा आहे म्हटल्यावर काहीजण लगेच पुढचा भाग लावतील, म्हणून आधीच सांगते. ओला-सुका वेगळा करा, असं भाषण आज नाहीये. आज बोलायचंय पैशांबद्दल. तुमच्या दारातून रोज कोणीतरी कचरा घेऊन जातं. त्या कामाचे महिन्याला किती रुपये द्यायला तुम्ही तयार आहात?

आला आकडा मनात? तो तसाच धरून ठेवा. आणि ज्यांच्या मनात ‘शून्य’ आलं, त्यांनी ओशाळू नका. आजचा अर्धा भाग तुमच्याबद्दलच आहे.

अर्थशास्त्रात याला ‘देण्याची तयारी’ म्हणतात. मेथीची जुडी कितीला, हे बाजारात कळतं. पण स्वच्छ नदी, मोकळी हवा, नाक न दाबता चालता येईल असा रस्ता, यांना भाव कुठून आणायचा? 1947 मध्ये सिरियासी-वॉनट्रुप नावाच्या अर्थतज्ज्ञाने एक साधी कल्पना मांडली: सरळ लोकांनाच विचारा ना. 1963 मध्ये रॉबर्ट डेव्हिस याने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात येणाऱ्या शिकारी आणि भटक्या लोकांना खरोखरच विचारलं, की इथे येण्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल. तेव्हापासून ही पद्धत जगभर फिरतेय. महापालिकांचा कचरा हा तर तिचा आवडता विषय. हातात फॉर्म घेऊन कोणी दारात आलं आणि ‘घंटागाडीसाठी दरमहा किती द्याल?’ असं विचारलं, तर समजा ही त्याच घराण्यातली मंडळी.

आता यातली गंमत बघा. मी तुम्हाला विचारलं, ‘पन्नास द्याल?’ तुम्ही म्हणालात, हो. ‘मग साठ?’ चला, साठ. आता तुमच्या शेजाऱ्याला मी सुरुवातच दोनशेपासून केली. तो म्हणेल, ‘छे, फार होतात.’ मग खाली उतरत उतरत एकशेवीसवर येऊन थांबेल. घरं शेजारी, कचरा तेवढाच, पगारही कदाचित तेवढाच, आणि उत्तर दुप्पट. कारण पहिला आकडा मी टाकला होता. तुळशीबागेत खरेदी केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शिवाय समोर एखादी कॉलेजची मुलगी उन्हातून चालत आलेली असते. तिला ‘मी एक पैसा देणार नाही’ असं तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. मग माणूस म्हणतो, ‘द्यायला काय हरकत आहे’. आपल्याकडे या वाक्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

हे सगळं अमेरिकेतही मोठ्या भांडणाचं कारण झालं होतं. 1989 मध्ये एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं, समुद्रात तेल पसरलं, आणि नुकसानीची किंमत लावायची वेळ आली. लोकांना विचारून काढलेला आकडा न्यायालयात ग्राह्य धरायचा का? यासाठी एक समिती बसली. केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो, दोघंही नोबेलविजेते, तिचे अध्यक्ष होते. 1993 मध्ये त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: ‘किती द्याल’ असं मोकळं विचारू नका, मतदानासारखं विचारा. इतके रुपये पडतील, हो की नाही? आणि विचारण्याआधी समोरच्याला आठवण करून द्या, की हे पैसे तुमच्याच दुसऱ्या कुठल्या तरी खर्चातून कमी होणार आहेत.

ही दुसरी सूचना मला फार आवडते. नुसत्या ‘शंभर रुपये द्याल का’पेक्षा ‘शंभर रुपये द्याल का, म्हणजे महिन्यातला एक वडापाव-चहाचा कार्यक्रम कमी’ हा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे.

बरं, आता शून्यवाल्यांकडे येऊ.

शून्य दोन प्रकारचं असतं. एक खरं शून्य. माझ्याकडे पैसेच नाहीत, किंवा मला या सेवेची गरज नाही. माझा कचरा गोठ्यामागच्या उकिरड्यात जातो आणि पावसाआधी त्याचं खत होतं. दुसरं शून्य रागाचं. ‘आम्ही कर भरतो ना? मग परत कसले पैसे?’ संशोधक या रागाच्या शून्यांना पुष्कळदा हिशेबातून बाजूला काढतात, कारण त्यातून सेवेची किंमत कळत नाही. मला मात्र वाटतं, खरी बातमी त्याच शून्यात असते.

कारण तो माणूस अगदीच चुकीचं बोलत नाहीये. पुण्यात राहत असाल तर मालमत्ता कराचं बिल काढून बघा. घरी कागद सापडला नाही तर फोनवर दिसेल. सर्वसाधारण कर, अग्निशामक, वृक्ष, शिक्षण अशी रांग असते, आणि त्यात सफाईच्या नावानेही कर असतो. मग तो माणूस विचारतो, ‘हा सफाई कर घेता, आणि वर दारात येऊन परत मागता?’ प्रश्न रास्त आहे.

याचं उत्तर थोडं जुन्या काळात आहे. आपल्या महापालिकांचा कायदा मूळ 1949 चा. त्यात या सफाई कराचं वर्णन वाचलंत तर लक्षात येईल, की तेव्हा डोळ्यासमोर होतं ते संडास-मुताऱ्यांमधली घाण उचलणं आणि गटारं दुरुस्त ठेवणं. दारोदार जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिझ्झाची खोकी आणि डायपर गोळा करणं हे त्यात कुठून असणार? घरचा कचरा माणसाने स्वतःच कोपऱ्यावरच्या कुंडीत नेऊन टाकायचा, अशी रीत होती. ‘दारातून घ्या’ हा नियम आला 2000 साली. 2016 च्या नियमांनी पुढचं पाऊल टाकलं: कचरा करणाऱ्याने तो वेगळा करून द्यायचा, आणि स्थानिक संस्था ठरवील ते शुल्कही द्यायचं. म्हणजे कर जुन्या कामाचा, शुल्क नव्या कामाचं. पण हे कोणी समजावून सांगितलंय का तुम्हाला? एखादं पत्रक, बिलामागे चार ओळी? नाही ना. मग लोकांनी ‘एकाच कामाचे दोनदा पैसे’ असं समजलं, तर त्यात त्यांचा काय दोष?

आता मला ज्या मुद्द्यावर खरं यायचंय तिथे येते. पैसे किती, यावर आपण खूप बोलतो. ते कोणाच्या हातात पडतात, यावर फारसं नाही. आणि माझ्या मते ‘देण्याची तयारी’ जास्त करून त्यावर ठरते.

पुण्याचं उदाहरण घेऊ. इथे 1993 मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते त्यामागे होते, एसएनडीटी विद्यापीठाचा प्रौढशिक्षण विभागही होता. या बायका तोवर कुंड्यांमधून भंगार वेचून विकायच्या. मग 2000 चा नियम आला. कचरा आता दारातून उचलायचा. म्हणजे काय? कुंड्या जाणार. आणि कुंड्या गेल्या की भंगारही गेलं, ते जाणार गाडीच्या ठेकेदाराकडे. शहर स्वच्छ होण्याच्या नादात सगळ्यात आधी पोट मारलं जाणार होतं ते, ज्यांनी इतकी वर्षं फुकटात शहराचा कचरा कमी केला, त्यांचंच.

त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. मालकी वेचणाऱ्या बायकांचीच. दारातून कचरा त्या घेणार, वेगळा करणार, ओला महापालिकेच्या गाडीपर्यंत पोचवणार, आणि सुक्यातलं विकता येईल ते त्यांचं. घरटी मिळणारं शुल्कही थेट त्यांचंच. सुरुवातीला ही रक्कम अगदी किरकोळ होती. पुढे वाढत गेली, तरी बरीच वर्षं शंभराच्या आतच राहिली. वस्त्यांमध्ये ती कमी, आणि तिथे महापालिका आपल्या खिशातून काही भर घालते.

म्हणजे पुण्यात तुम्ही ‘कचऱ्याचे पैसे’ दिलेत की ते महापालिकेच्या तिजोरीत जात नाहीत. समोर उभी असलेल्या ताईंचा तो पगार असतो. आणि नाही दिलेत, तर महापालिकेचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्यांचं.

हिशेब करून बघू. समजा दोघी जणी मिळून अडीचशे घरं करतात आणि शुल्क आहे ऐंशी रुपये. सगळ्यांनी दिले तर वीस हजार, म्हणजे प्रत्येकीला दहा. आता पाच घरांमागे एक घर म्हणालं, ‘पुढच्या महिन्यात बघू’. प्रत्येकीचे दोन हजार गेले. काम तेवढंच. त्या घराचा कचरा उचलावाच लागला, कारण नाही उचलला तर तो जिन्यात पडणार आणि बोलणी यांनाच खावी लागणार. तुमच्या बाजूने ऐंशी रुपये म्हणजे दिवसाला पावणेतीन रुपयेही नाहीत. त्यांच्या बाजूने ती मुलाची फी असते.

इथे एक अडचण आहे, आणि ती अर्थशास्त्राच्या पुस्तकातली नाही, रोजची आहे. रिचार्ज संपला की फोन बंद पडतो. 2024 च्या जुलैमध्ये कंपन्यांनी दर वाढवले, आपण चडफडलो, दोन-चार मीम टाकली आणि रिचार्ज मारला. केबलवाला तार कापू शकतो, वीज मंडळ मीटर काढून नेऊ शकतं. पण कचऱ्याचं काय कापणार? घेणं बंद केलं तर तो माणूस रात्री दहा वाजता पिशवीची गाठ मारून कोपऱ्यावरच्या डीपीजवळ फेकून येतो. मग तिथे आणखी चार पिशव्या येतात, कुत्री येतात, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे पैसे भरले त्यांच्याच खिडकीखाली उकिरडा होतो. म्हणजे न देणाऱ्याची शिक्षा देणाऱ्याला. म्हणून मी म्हणते, या सेवेत धाक चालत नाही. लोकांना पटणं, हाच वसुलीचा एकमेव टिकाऊ मार्ग आहे.

आणि वसुली हेसुद्धा काम आहे बरं का. ‘सुट्टे नाहीत.’ ‘साहेब घरी नाहीत.’ ‘मागच्या आठवड्यात तुम्ही दोन दिवस आला नाहीत, तेवढे कापा.’ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या दारांवरच्या खेपा वेगळ्या, त्यांचे पैसे कोणी देत नाही. सोसायटीने एकत्र रक्कम दिली तर खेपा वाचतात. पण मग सूत्रं सेक्रेटरीच्या हातात जातात. पार्किंगही झाडून द्या, टाक्यांजवळचंही बघा, त्याच पैशांत. हे असं सगळीकडे होतं असं नाही, पण होतं.

आता याच्या उलटं चित्र बघा. एप्रिल 2025 मध्ये मुंबई महापालिकेने नव्या उपविधींचा मसुदा काढला. त्यात घरांसाठी शुल्क सुचवलं होतं: 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, 50 ते 300 ला 500, आणि त्यावर 1000. हरकती मागवल्या, आणि विरोध सुरू झाला. त्याच महिन्यात बंगळुरूने घरांच्या आकाराप्रमाणे दरमहा 10 ते 400 रुपये असं शुल्क मालमत्ता करासोबत घ्यायला सुरुवात केली. तिथेही ओरड झालीच.

मुंबईचे टप्पे जरा फुटांत करून बघा. 50 मीटर म्हणजे साधारण 540 चौरस फूट. 300 म्हणजे सव्वातीन हजारांच्या आसपास. म्हणजे डोंबिवलीहून येणारी आपली मैत्रीण ज्याला ‘बरं घर आहे हं’ म्हणेल असं साडेपाचशे फुटांचं घर, आणि तीन हजार फुटांचा समुद्र दिसणारा फ्लॅट, दोघांना पाचशेच. आणि साडेपाचशे फुटवाल्याचा खालच्या मजल्यावरचा शेजारी, ज्याचं घर वीस फूट लहान, त्याला शंभर. जो कोणी हे टप्पे करत होता त्याने मुंबईतली घरं आतून पाहिली होती का, असा मला प्रश्न पडतो. शिवाय 2022 मध्ये याच शहरात 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला होता. एका हाताने माफी, दुसऱ्या हाताने शंभर रुपये. आणि हे मागत होती प्रशासकाच्या हातातली महापालिका, जिथे मार्च 2022 पासून निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. लोक भडकले ते शंभर रुपयांसाठी, असं मला तरी वाटत नाही. कोणाला देतोय, कशाबद्दल देतोय आणि न पटलं तर जाब कोणाला विचारायचा, या तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

याचा अर्थ पुण्यात सगळं आलबेल आहे, असं म्हणायचं नाहीये. 2020 च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला आणि मग थोड्याथोड्या मुदतवाढींवर काम चाललं. ठेकेदार आणायची चर्चा होती. लॉकडाऊनमध्ये आपण बाल्कनीत थाळ्या वाजवल्या त्या दिवसांतही या बायका कामावर येत होत्या, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्या कामावर टांगती तलवार होती. तेव्हा नागरिकही त्यांच्या बाजूने बोलले. रोज दारात दिसणाऱ्या माणसासाठी लोक बोलतात. ‘अमुक एन्टरप्रायझेस’च्या गाडीसाठी कोण बोलणार?

पैसे देण्यातला एक धोका मात्र सांगायलाच हवा. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, त्याचा निबंध 2000 साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. झालं काय? उशीर वाढला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता लोकांना वाटायला लागलं, आपण उशिराचे पैसे भरतोय. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर काही कमी झाला नाही.

कचऱ्याचंही हेच होऊ शकतं. ‘आम्ही पैसे देतो ना, मग वेगळा तुम्हीच करा.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय. सॅनिटरी पॅड भाजीच्या देठांत, फुटलेली काच वर्तमानपत्राशिवाय तशीच. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे पुण्यात किती वर्षं सांगितलं जातंय. एक ठिपका. तो काढायला दोन सेकंद लागतात, आणि तो नसेल तर कोणाचा तरी उघडा हात तिथे पडतो. (हेच ते ओला-सुक्याचं भाषण. झालं, संपलं.) शुल्क उचलून नेण्याचं आहे. तुमची घाण दुसऱ्याने हाताने निवडावी, याची किंमत त्यात धरलेलीच नाही. आणि कोणी धरायला गेलं, तर ती ऐंशी रुपये नक्कीच होणार नाही.

शेवटी ज्यांना कोणीच विचारलं नाही त्यांच्याबद्दल. उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तीसेक वर्षं पुण्याचा कचरा तिथे गेला. विहिरींचं पाणी खराब झालं, त्या गावांत मुली द्यायला लोक कचरायला लागले. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि जवळजवळ तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच पडून राहिला. तेव्हा कुठे पेठांमधल्या लोकांना कळलं, की आपला कचरा ‘जातो’ म्हणजे कुठेतरी ‘येतो’.

अर्थशास्त्रात देण्याच्या तयारीला एक जुळी बहीण आहे: घेण्याची तयारी. म्हणजे हा त्रास सोसायचे तुम्ही किती घ्याल? जगभरचा अनुभव असा, की हा आकडा पहिल्यापेक्षा बहुतेक वेळा मोठा निघतो, कधीकधी कित्येक पट. तुमची विहीर खराब करायचे किती घ्याल, असं विचारल्यावर कोण ऐंशी रुपये म्हणेल? पण पाहणीवाला फॉर्म घेऊन कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जातो. फुरसुंगीच्या ओट्यावर बसून हा दुसरा प्रश्न त्याने कधी विचारला नाही.

तर सुरुवातीला धरून ठेवलेला आकडा आता परत बघा, आणि मला व्हॉइस मेसेज पाठवा. आधी किती होता, आता किती आहे, बदलला असेल तर कशाने. शून्यच राहिला असेल तरी पाठवा, फक्त ते कुठल्या प्रकारचं शून्य आहे तेवढं सांगा. तुमच्या गावात नगरपरिषद असेल, घंटागाडी असेल, तर शुल्क आहे का आणि ते कोण गोळा करतं, तेही कळवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवीन. आणि या महिन्याचे द्यायचे राहिले असतील आणि सुट्टे नसतील, तर क्यूआर कोड आहे का, एवढं उद्या सकाळी ताईंना विचारा.